राखीव घटमाला भारक, रेडिओ प्रेषकातील

राखीव घटमाला भारक, रेडिओ प्रेषकातील : मुख्य वीजपुरवठा चालू असताना संचायक (पुन्हा पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या) विद्युत् घटमालेस ऊर्जा पुरवून ती सदैव पूर्ण भारित ठेवणाऱ्या आणि पुरवठा खंडित होताच तिच्यावर रेडिओ प्रेषक विनाखंड चालू राहील अशी जोडणी असलेल्या साधनास राखीव घटमाला भारक म्हणतात. व्यवहारात त्यास चार्जर हेच नाव रूढ आहे. जहाजे, विमानतळ, पोलीस व अग्निशामक दलांची बिनतारी केंद्रे, डोंगरमाथ्यांवरील पुनःप्रेषण केंद्रे, भ्रमणध्वनीचे मनोरे आणि हौशी रेडिओ केंद्रे या सर्व ठिकाणी तो वापरतात. वादळ, पूर, भूकंप, जहाजाची टक्कर अशा प्रसंगी वीजपुरवठा बहुधा प्रथम बंद पडतो आणि संदेशवहनाची निकड नेमकी त्याच वेळी सर्वांत अधिक असते. म्हणून प्रेषकाच्या खर्चाच्या मानाने अल्प किंमतीच्या या साधनावर अनेकदा माणसांचे प्राण अवलंबून असतात.

इतिहास : शिसे-अम्ल संचायक घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या पट्टांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत शोधल्यावर त्याचे औद्योगिक उत्पादन सुकर झाले. जहाजांवर बिनतारी यंत्रे बसू लागली तेव्हा ती जहाजाच्याच जनित्रावर चालत. २३ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ दाट धुक्यात 'रिपब्लिक' हे जहाज 'फ्लॉरिडा' या जहाजाशी टक्कर होऊन बुडू लागले. यंत्रशाळेत पाणी शिरल्यामुळे जनित्रे बंद पडली. तथापि जॅक बिन्स या बिनतारी चालकाने राखीव संचायक घटांवर प्रेषक चालवून मदतीचे संदेश पाठविले आणि दोन्ही जहाजांवरील सु. पंधराशे माणसे वाचली. एप्रिल १९१२ मधील 'टायटॅनिक'च्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या जहाजविषयक बिनतारी कायद्यात दुरुस्ती केली. जहाजाच्या मुख्य वीजयंत्रणेपासून स्वतंत्र असा आणि प्रेषक किमान चार तास चालवू शकेल असा राखीव पुरवठा तीनुसार सक्तीचा झाला.

संचायक घटांच्या भारणासाठी एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह लागतो, तर सार्वजनिक पुरवठा बहुतेक ठिकाणी प्रत्यावर्ती (दिशा ठराविक काळाने उलटसुलट होणारा) असतो. हे रूपांतर करण्यासाठी प्रारंभी चलित्र-जनित्र जोडी वापरीत. पुढे पीटर कूपर ह्यूइट यांचा पारा-प्रज्योत एकदिशकारक (१९०२), आर्‌गॉन वायू व टंगस्टनाचा तंतू असलेला 'टंगर' दिवा, १९२० नंतर कॉपर ऑक्साइडाचे व १९३० नंतर सिलिनियमाचे पट्टिका-एकदिशकारक असे टप्पे आले. १९५०–६० या दशकात सिलिकॉन डायोड आणि १९५७ मध्ये सिलिकॉन नियंत्रित एकदिशकारक उपलब्ध झाल्यावर भारक लहान, कार्यक्षम आणि मुख्य म्हणजे स्वयंनियंत्रित झाले. तोपर्यंत भारण केव्हा थांबवावयाचे हे माणसाला ठरवावे लागे.

घटमालेचे वर्तन : भारकाची रचना समजण्यासाठी घटाचे वर्तन प्रथम लक्षात घ्यावे लागते. भारित शिसे-अम्ल घटातील धन पट्टावर लेड डाय-ऑक्साइड, ऋण पट्टावर सच्छिद्र शिसे व त्यांच्या दरम्यान विरल सल्फ्यूरिक अम्ल असते. विसर्जनात (घटातून प्रवाह घेताना) दोन्ही पट्टांवर लेड सल्फेट तयार होते आणि अम्ल पातळ होते. भारणात ही विक्रिया उलटविली जाते. एका घटाचा दाब स्थूलमानाने २ व्होल्ट असतो. सहा घटांची माला १२ व्होल्टची, बारा घटांची २४ व्होल्टची व चोवीस घटांची ४८ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. वाहनांतील व लहान प्रेषकांत पहिली, जहाजांवर दुसरी आणि दूरध्वनी व भ्रमणध्वनी केंद्रांत तिसरी विशेष प्रचलित आहे. दूरध्वनी केंद्रांत घटमालेचे धन अग्र जमिनीस जोडण्याचा प्रघात असून त्यामुळे ओलसर जागी तांब्याच्या तारांचे विद्युत् रासायनिक क्षरण कमी होते.

घटाचे नुकसान दोन्ही बाजूंनी होऊ शकते. तो अपुऱ्या भारित स्थितीत दीर्घकाळ राहिल्यास लेड सल्फेटाचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुढील भारणात ते विरघळत नाहीत. घटाची धारणक्षमता (साठवण) कायमची घटते. यास सल्फेटीभवन म्हणतात. उलट, पूर्ण भारित घटातून भारणप्रवाह चालूच ठेवल्यास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, पाणी कमी होते, धन पट्टाची जाळी झिजते व घट तापतो. या दोन टोकांमधील अरुंद पट्ट्यात घटमालेला वर्षानुवर्षे ठेवणे हे भारकाचे खरे काम होय.

भारणाच्या अवस्था : आधुनिक भारक हे काम तीन अवस्थांत करतो. पहिल्या अवस्थेत प्रवाह ठराविक मर्यादेत ठेवतात. ही मर्यादा साधारणपणे घटमालेच्या अँपिअर-तासांतील धारणक्षमतेच्या एकदशांश, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या मालेस ६ अँपिअर इतकी असते. या काळात मालेचा दाब हळूहळू चढतो. तो दर घटास सु. २·४ व्होल्ट (१२ व्होल्टच्या मालेत सु. १४·४ व्होल्ट) झाला की दुसरी अवस्था सुरू होते. तीत दाब स्थिर राखतात व माला भरत जाईल तसा प्रवाह आपोआप कमी होतो. प्रवाह धारणक्षमतेच्या एकदोन टक्क्यांइतका उरला म्हणजे भारक तिसऱ्या, 'तरत्या भारणाच्या' अवस्थेत जातो. या वेळी दाब दर घटास सु. २·२५ ते २·३ व्होल्ट, म्हणजे मालेस सु. १३·५ ते १३·८ व्होल्ट एवढा उतरवितात. घटात आपोआप होणारी विसर्जनाची गळती भरून निघेल एवढाच अल्प प्रवाह मग वाहतो. प्रवाह मोजणारा मापक जवळजवळ शून्य दाखवितो, परंतु माला सज्ज असते. वाहनांत बसविण्याजोग्या बहुतेक रेडिओ यंत्रांवर १३·८ व्होल्ट हा कार्यकारी दाब छापलेला आढळतो, तो वाहन चालू असताना बारा व्होल्टच्या मालेवर असणाऱ्या याच पातळीच्या दाबास अनुसरून होय.

रचना व कार्य : साध्या भारकाचे पाच भाग असतात. (१) रोहित्र २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब सु. १८ व्होल्टपर्यंत उतरविते व घटमालेचे मंडल मुख्य पुरवठ्यापासून विलग राखते. (२) चार डायोडांच्या सेतूने बनलेला एकदिशकारक त्या प्रवाहाचे एकदिशीकरण करतो. ५० हर्ट्झ पुरवठ्यापासून मिळणाऱ्या या प्रवाहात १०० हर्ट्झ कंप्रतेची लहर शिल्लक असते. (३) मोठे धारित्र ही लहर बरीचशी सपाट करते. (४) नियंत्रक मंडलात झेनर डायोडापासून मिळणारा स्थिर संदर्भ दाब आणि मालेवरील दाबाचा ठराविक अंश यांची सतत तुलना होते. फरक आढळताच मार्गात असलेला शक्ती ट्रँझिस्टर अधिक किंवा कमी प्रवाह जाऊ देतो. त्याच मंडलात अत्यल्प रोधाचा एक रोधक बसवून त्यावरील दाबावरून प्रवाह मोजतात व मर्यादा ओलांडली जाऊ देत नाहीत. (५) अखेरचा प्रतिबंधक डायोड मुख्य पुरवठा गेल्यावर मालेतील वीज उलट भारकाच्या मंडलांतून वाहून जाणे टाळतो.

ट्रँझिस्टरात वाया जाणारी उष्णता टाळण्यासाठी सध्याच्या बहुसंख्य भारकांत स्विच पद्धतीची रचना योजतात. तीत प्रथम मुख्य पुरवठ्याचेच एकदिशीकरण करून तो प्रवाह सेकंदास काही दशसहस्र वेळा किंवा अधिक खंडित करतात व एका लहान फेराइट रोहित्रातून नेतात. कंप्रता वाढल्यामुळे रोहित्राचे आकारमान व वजन पुष्कळ घटते आणि पुरवठ्याचा दाब बराच चढउतार झाला तरी भारक व्यवस्थित चालतो. ग्रामीण भागातील अस्थिर पुरवठ्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

प्रेषकाशी जोडणी : घटमाला, भारक व प्रेषक यांची जोडणी दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात प्रेषक नेहमी स्वतंत्र पुरवठ्यावर चालतो आणि पुरवठा जाताच अभिचालित्र (विद्युत् प्रवाहाने चालणारा स्विच) त्यास मालेवर नेते. यात काही सहस्रांश सेकंदांचा खंड पडतो. केवळ ध्वनीच्या प्रेषकास तो जाणवत नाही. परंतु सूक्ष्म प्रक्रियक असलेले यंत्र तेवढ्यानेही पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. दुसऱ्या, 'तरंगत्या' जोडणीत भारक, माला व प्रेषक हे तिन्ही कायम समांतर जोडलेले असतात. मुख्य पुरवठा असताना प्रेषकाचा प्रवाह भारक पुरवितो. तो गेला की कोणताही स्विच न हलता माला ते काम उचलते. प्रेषणाच्या क्षणी लागणारा जादा प्रवाह भारकाच्या मर्यादेपलीकडचा असेल, तर तेवढा भागही माला देते व प्रेषण थांबल्यावर तो भरून घेते.

या जोडणीतील एक बारकावा दुर्लक्षिल्याने अनेक माला अकाली निकामी होतात. भारक जर आपला एकूण प्रवाह मोजून तिसऱ्या अवस्थेत जात असेल, तर प्रेषक-ग्राहीचा नित्याचा प्रवाह त्यास मालेचाच वाटतो. समजा, ग्राही सतत ०·५ अँपिअर व इतर मंडले आणखी ०·५ अँपिअर घेत आहेत आणि बदलाची मर्यादा ०·६ अँपिअर आहे. माला पूर्ण भरली तरी भारकातून १ अँपिअर वाहतच राहतो, तो दुसऱ्या अवस्थेतून कधीच बाहेर पडत नाही आणि मालेवर १४·४ व्होल्ट दाब महिनोन्‌महिने राहून तिच्यातील पाणी आटते. यासाठी प्रवाह मोजण्याचा रोधक मालेच्या स्वतःच्या तारेत असावा किंवा अशा जागी केवळ तरत्या दाबावर चालणारा भारक वापरावा.

घटमाला रिकामी होत असताना तिलाही संरक्षण लागते. दर घटाचा दाब सु. १·७५ व्होल्ट (मालेस १०·५ व्होल्ट) झाला की एक अभिचालित्र प्रेषकाचा संबंध तोडते, कारण यापुढील विसर्जनाने घटांची कायमची हानी होते. भार निघताच मालेचा दाब थोडा वर येतो. म्हणून पुन्हा जोडणीचा दाब बराच वर, सु. १२·५ व्होल्टच्या पुढे ठेवतात. हे अंतर न ठेवल्यास अभिचालित्र सारखे उघडझाप करीत राहते.

क्षमता ठरविणे : डोंगरावरील एका पुनःप्रेषण केंद्राचे उदाहरण घेऊ. १२ व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रास प्रेषणात ६ अँपिअर व केवळ ग्रहणात ०·५ अँपिअर लागतात आणि एकूण वेळेपैकी २०% वेळ प्रेषण चालते, असे मानू. सरासरी प्रवाह १·२ + ०·४ = १·६ अँपिअर होतो. २४ तासांसाठी ३८·४ अँपिअर-तास लागतील. माला ८०% पेक्षा अधिक रिकामी करावयाची नाही, असे ठरविल्यास ४८ अँपिअर-तासांची माला लागते. आणि जुनी झाल्यावरही ती पुरावी म्हणून सव्वापट, म्हणजे ६० अँपिअर-तासांची घेणे योग्य ठरते. मालेतून घेतलेल्यापेक्षा सु. १५% अधिक विद्युत् भार तिला परत द्यावा लागतो. तो १० तासांत द्यावयाचा तर सु. ४·४ अँपिअर व त्याच वेळी यंत्रासाठी १·६ अँपिअर, असे ६ अँपिअर लागतात. दुसऱ्या अवस्थेत प्रवाह घटत जात असल्याने प्रत्यक्षात भारक ८ अँपिअरचा निवडणे इष्ट असते. संकटकाळी संदेशांची गर्दी होऊन प्रेषणाचे प्रमाण २०% वरून ६०% वर गेले, तर सरासरी प्रवाह ३·८ अँपिअर होतो व तीच माला २४ तासांऐवजी जेमतेम १२ तास पुरते. योजना आखताना शांततेच्या दिवसांची सरासरी धरणे म्हणूनच धोक्याचे असते. शिवाय प्रवाह जितका मोठा तितकी मालेतून मिळणारी एकूण अँपिअर-तासांची बेरीज कमी होते. हा नियम प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला.

विशेष अडचणी : रेडिओ प्रेषकाजवळ काम करणाऱ्या भारकापुढे इतर भारकांना न जाणवणारे प्रश्न येतात. एकदिशीकरणानंतर उरलेली १०० हर्ट्झची लहर प्रेषित ध्वनीत गुणगुण म्हणून ऐकू येते. जोडलेली घटमाला एखाद्या प्रचंड धारित्राप्रमाणे ही लहर शोषून घेते. म्हणून माला काढून केवळ भारकावर प्रेषक चालविणे बहुधा टाळतात. स्विच पद्धतीच्या भारकाच्या मूळ कंप्रतेचे उच्च गुणित तरंग ग्राहीच्या पट्ट्यात खरखर उत्पन्न करतात व क्षीण संदेश बुडवून टाकतात. त्यासाठी भारक धातूच्या पेटीत ठेवून त्यात येणाऱ्या व जाणाऱ्या तारांवर गालक (ठराविक कंप्रतांचे तरंग अडविणारी मंडले) बसवितात. याची उलट बाजूही आहे. प्रेषकाचे शक्तिशाली रेडिओ तरंग भारकाच्या दाबमापक तारांत शिरले, तर तेथील अर्धसंवाहक संधीत त्यांचे एकदिशीकरण होऊन नियंत्रकास चुकीचा दाब भासतो आणि प्रेषण सुरू होताच भारकाचा दाब चढतो वा पडतो. अशा तारा आवरणयुक्त व आखूड ठेवणे हा त्यावरील उपाय होय. लांब तारांतील दाबपातही लक्षात घ्यावा लागतो : तारेचा रोध ०·०२ ओहम व प्रवाह २० अँपिअर असल्यास ०·४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून दाब भारकाच्या अग्रांवर न मोजता मालेच्या अग्रांवर मोजतात. डोंगरमाथ्यावरील केंद्रांत आकाशातील विजेपासून संरक्षण करणारी साधने आणि उत्तम भूसंपर्कही आवश्यक असतो.

तापमानाचा परिणाम : वर दिलेले दाब २५° से. तापमानाचे आहेत. तापमान एक अंशाने वाढल्यास दर घटाचा तरता दाब सु. ३ ते ४ मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. २५° से. ला १३·६ व्होल्ट योग्य असल्यास ४०° से. ला सु. १३·३ व व १०° से. ला सु. १३·९ व्होल्ट दाब हवा. ही दुरुस्ती न केल्यास गरम घट अधिक प्रवाह घेतो, त्याने आणखी तापतो व आणखी प्रवाह घेतो. बंद घटांत हे चक्र अनावर होऊन घट फुगतात किंवा वितळतात. चांगल्या भारकात तापमानाचा संवेदक असतो आणि तो भारकाच्या पेटीत नव्हे, तर घटाला चिकटवून ठेवावयाचा असतो. शिवाय २५° से. च्या वर दर ८ ते १० अंशांमागे घटाचे आयुष्य सु. निम्मे होते. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद खोलीत ठेवलेली माला दहा वर्षांची म्हणून विकत घेतली असली, तरी तिच्याकडून तेवढ्या वर्षांची अपेक्षा करता येत नाही.

इतर प्रकारचे घट : निकेल-कॅडमियम घटाचा दाब १·२ व्होल्ट असून तो तापमानाचे फेरफार व खोल विसर्जन अधिक सोसतो, त्यास सु. १·४ व्होल्ट तरता दाब देतात. लिथियम-आयन घटास शिसे-अम्ल घटाचा भारक चालत नाही. त्याच्या एका सामान्य प्रकारात दर घटास ४·२ व्होल्टची कमाल मर्यादा किंचितही ओलांडणे घातक असते. तर लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारात ती सु. ३·६५ व्होल्ट असते. पूर्ण भरल्यावर भारण थांबविणे, प्रत्येक घटावर स्वतंत्र लक्ष ठेवणारे मंडल असणे आणि ०° से. खाली भारण न करणे ही पथ्ये पाळल्यास हलके वजन व दीर्घ आयुष्य यांमुळे तो भ्रमणध्वनी केंद्रांत उपयुक्त ठरला आहे. दुर्गम जागी मुख्य पुरवठ्याऐवजी सौर पट्ट वापरतात. तेथे भारकाचे काम सौर भारण नियंत्रक करतो.

शेकडो किलोवॉट शक्तीचे नभोवाणी प्रेषक घटमालेवर चालविणे व्यवहार्य नसते. तेथे डिझेल जनित्र असते. परंतु त्याचे एंजिन सुरू करणे, तोपर्यंत नियंत्रण मंडले व कार्यक्रमगृहाशी असलेला दुवा जिवंत ठेवणे ही कामे घटमालाच करते. जनित्र सुरू न होण्यामागे उपेक्षित घटमाला हे एक नेहमीचे कारण असते.

नियम, देखभाल व सुरक्षितता : समुद्रावरील जीवित-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरील रेडिओ यंत्रणेस राखीव ऊर्जास्रोत असावा लागतो. नियमानुसार आणीबाणीचे वीजजनित्र असलेल्या जहाजावर तो किमान एक तास व इतरत्र सहा तास पुरला पाहिजे. संचायक घट असल्यास ते १० तासांत आवश्यक क्षमतेपर्यंत आपोआप भारित करणारा भारक असणे आणि घटांची धारणक्षमता १२ महिन्यांच्या आत तपासणे आवश्यक असते.

ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. भारकाला जोडलेली जीर्ण घटमालाही मापकावर १३·६ व्होल्टच दाखविते, कारण तो दाब भारकाचा असतो. त्यावरून तिच्यातील साठ्याबद्दल काहीच कळत नाही. मुख्य पुरवठा तोडून, ठराविक भारावर माला खरोखर चालवून किती वेळात दाब १०·५ व्होल्टवर येतो हे पाहणे, हीच खरी परीक्षा होय. धारणक्षमता मूळच्या ८०% पर्यंत उतरली की माला बदलतात. भारक बंद पडल्याची सूचना देणारी घंटा किंवा दूरसूचना नसल्यास दोष पुरवठा जाईपर्यंत लपून राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून मुंबईच्या उपनगरांचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा भ्रमणध्वनी सेवाही मोठ्या प्रमाणावर कोलमडली. मर्यादित तासांच्या राखीव साठ्यावर विसंबलेल्या यंत्रणेची मर्यादा त्या वेळी सामान्य नागरिकांच्या अनुभवास आली.

उघड्या घटांत ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी व अम्लाची घनता दरमहा तपासतात. भारणात निघणाऱ्या हायड्रोजनाचे हवेतील प्रमाण ४% झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो; म्हणून घटमालेची खोली हवेशीर ठेवतात व तेथे धूम्रपानास आणि उघड्या ज्योतीस मनाई असते. अम्ल सावकाश पाण्यात ओततात, पाणी अम्लात कधीही ओतत नाहीत. मालेची अग्रे धातूच्या अवजाराने जोडली गेल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून गंभीर भाजणे संभवते. यासाठी मालेच्या अगदी जवळ वितळतार बसवितात आणि काम करताना अंगठ्या, घड्याळे काढून ठेवतात.